साहेबांना पास

अद्वय लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर मॅनेजर होता. कंपनी ट्रॅक्टरच्या गिअरचे भाग बनवायची. तो मूळचा पुण्याचा, पण बायकोने, स्वरदाने, बारामतीत फिजिओथेरपीचं क्लिनिक काढल्यापासून दोघं बारामतीतच राहायचे आणि तो रोज जाऊन येऊन करायचा. वय चाळिशीला टेकलेलं. कॉलेजात असताना तो विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळला होता, आणि तेवढं सोडलं तर आपल्या आयुष्यात कुणाला सांगावं असं फारसं काही नाही, असं त्याला मनातून वाटायचं.

त्यामुळे प्लांट हेड दिग्विजय साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, "यंदा बारामतीत कंपन्यांची फुटबॉल स्पर्धा आहे, आपली टीम तुम्ही उभी करा," असं सांगितलं तेव्हा तो मनापासून खूश झाला.

"आणि खेळायचंही तुम्हीच," साहेब म्हणाले. "ऑफिसातला एक तरी माणूस मैदानात दिसला पाहिजे."

कंपनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पहिली शिफ्ट सुटल्यावर सराव सुरू झाला. बरीचशी पोरं कबड्डीची नाहीतर क्रिकेटची. वेल्डिंगमधले मानसिंगतात्या पन्नाशीकडे आलेले होते, पण अंगाने दणकट आणि नोकरीत कायम. त्यांना कॅप्टन केलं आणि मागे बचावाला ठेवलं. खरा फुटबॉल येत होता तो एकट्या युवराजला. तो निरवांगीचा, मशीन शॉपमध्ये कंत्राटी कामगार. बारामतीत होस्टेलवर शिकत असताना तो शाळेच्या संघातून खेळला होता.

अद्वयचा खेळ जवळच्या पासचा. चेंडू जमिनीवरून, शेजारच्याच्या पायात द्यायचा, दिला की आपण जागा बदलायची आणि परत मागायचा. तिघांचा त्रिकोण करून असं पुढे पुढे सरकायचं. युवराजचं निराळं होतं. चेंडू मिळाला की तो आधी मान वर करायचा, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कोण मोकळं धावतंय ते बघायचा आणि तिरका लांब पास असा मारायचा की चेंडू त्या पोराच्या पुढ्यात जाऊन पडायचा.

"जवळचा पास माणसाला द्यायचा असतो," अद्वयने पोरांना समजावलं. "लांबचा पास जागेला द्यायचा. दोन्ही लागतात. समोरचे मागे राहून वाट बघत असतील तर लहान पास देऊन त्यांना पुढे ओढायचं. ते आपल्या अंगावर गर्दी करून आले तर त्यांच्या मागची जागा मोकळी पडते, मग युवराजसारखा लांब मारायचा. कधी काय, हे ओळखणं म्हणजेच खेळ."

पोरं कान देऊन ऐकायची. महिन्याभरात ती छान खेळायला लागली. शेजारच्या दोन कंपन्यांशी झालेले सरावाचे सामने त्यांनी जिंकले. अद्वय मध्ये उभा राहायचा आणि चेंडू सारखा त्याच्याकडे यायचा. बचावातून, डावीकडून, उजवीकडून, सगळे पास त्याच्या पायात. घरी आल्यावर तो स्वरदाला कौतुकाने सांगायचा, की या पोरांना माझा खेळ कळलाय.

तिने एकदा त्याच्या गुडघ्याला बर्फ लावताना विचारलं, "तू या वयात एवढा पळतोस?"

"पळावं लागतच नाही. चेंडू येतो."

"कुणी अंगावर येत नाही?"



दुसऱ्या दिवशीच्या सरावात तो मुद्दाम बघत राहिला. त्याच्यापाशी दोन माणसं उभी असली तरी पास त्यालाच येत होता. डावीकडे शिवम नावाचा पोरगा अगदी एकटा, हात वर करून उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आणि सरावात समोरच्या बाजूला खेळणारी पोरं अद्वय चेंडू घेऊन निघाला की अर्धं पाऊल मागे सरायची. सगळ्यात जास्त त्याला खटकलं ते युवराजचं. त्याने लांब पास मारणंच सोडून दिलं होतं. मान वर करायचा, पलीकडचं पोरगं त्याला दिसायचं, हे त्याच्या डोळ्यांवरून कळायचं, आणि मग मान खाली घालून तो चेंडू हळूच अद्वयकडे सरकवायचा.

सराव संपल्यावर अद्वयने त्याला थांबवलं.

"युवराज, तू लांब का मारत नाहीस?"

"तुमीच म्हणला व्हता, जवळ द्यायचा."

"दोन्ही म्हणालो होतो. आणि शिवम तिकडे मोकळा होता, तुला दिसला होता."

युवराज बुटाची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, "साहेब, कँटीनमधी समदी बोलत्यात. टीममधल्या पोरांचं कंत्राट वाढनार, काईंना पर्मनंट बी करनार. आता तुमाला सोडून शिवमला चेंडू दिला, तर शिवम मला काय देनार हाय?"

तो हसला, पण नुसतं तोंडाने.

"असं कुणी सांगितलं?" अद्वयने विचारलं.

"कुनी सांगायला कशाला पायजे? घरी आई बी इचारती रोज, साहेबाला चेंडू दिला का म्हणून. तिला फुटबॉल मंजी काय ते बी ठावं न्हाय."

अद्वय म्हणाला, की तसं काही नाही, खेळाचा आणि नोकरीचा संबंध नाही. युवराजने "व्हय साहेब" म्हटलं, आणि त्या "व्हय" वरून अद्वयला कळलं की त्याचा विश्वास बसलेला नाही.

त्याच आठवड्यात दिग्विजय साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं. मोठ्या ग्राहकाची ऑर्डर कमी झाली होती. कंत्राटी माणसं कमी करायची होती. साहेबांनी एकेक नाव तोंडीच सांगितलं, आणि अद्वय मनात मोजत गेला. त्यात त्याचा निम्मा संघ होता. युवराज होता, शिवम होता.

"स्पर्धा झाल्यावर सांगायचं," साहेब म्हणाले. "फायनलला ग्राहकाची माणसं यायची आहेत. पोरं तोंड पाडून खेळली तर बरं दिसणार नाही."

"सर, त्यांना आता कळलं तर दुसरीकडे बघता येईल. इथल्या बाकीच्या कंपन्यांत—"

"अद्वय, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "बाहेर गेलं तर कुणाकडून गेलं, हे मला शोधावं लागणार नाही."

घरी येऊन त्याने स्वरदाला सांगितलं. ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने ऐकून घेतलं.

"मग सांगून टाक त्यांना," ती म्हणाली.

"नोकरी जाईल माझी."

 त्याच्या नोकरीसाठी तिने दोन शहरं सोडली होती, दोन्ही वेळा चालू प्रॅक्टिस मोडून. बारामतीला येताना त्याने तिला शब्द दिला होता, की आता नाही, आता इथून हलायचं नाही. आणि तिचं क्लिनिक आत्ता कुठे चालायला लागलं होतं. इथून रोज जाऊन येऊन करता येईल अशी त्याच्या पदाची दुसरी नोकरी आसपास नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

"मी तुला सांग म्हणाले," थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण तू सांगितलंस तर मला भीती वाटेल. हे खरं आहे ते सांगते."

त्याने सांगितलं नाही. स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना ते जिंकले, दुसराही जिंकले. समोरचे संघ कच्चे होते. अद्वयने एक गोल केला. शिवमला तो सहज करता आला असता, पण त्याने चेंडू थांबवला आणि अद्वय येईपर्यंत वाट बघितली. गोल झाल्यावर सगळे अद्वयच्या गळ्यात पडले. घामाने ओल्या त्या पोरांच्या मधोमध तो उभा राहिला. प्रत्येक पास त्याला आता नुसता पास वाटत नव्हता. कुणीतरी समोर येऊन हात जोडून उभं राहतंय असं वाटायचं. आणि तो चेंडू घ्यायचा. न घेऊन करणार काय?

फायनल बारामतीच्या मैदानावर रविवारी दुपारनंतर ठेवली होती. समोर बारामतीच्याच एका कंपनीचा संघ होता, तरणा आणि शिकवलेला. त्यांचा कोच बाहेर टोपी घालून उभा होता. मंडपात दिग्विजय साहेब पाहुण्यांबरोबर बसले होते. स्वरदाही एका कडेला येऊन बसली होती.

पहिल्या पाच मिनिटांतच अद्वयच्या लक्षात आलं की समोरच्यांनी आधीचे सामने बघितले आहेत. त्याच्यापाशी कुणीच नव्हतं. सगळ्यांना एकेक माणूस चिकटलेला, आणि तो एकटा मैदानाच्या मध्ये मोकळा. मानसिंगतात्यांनी चेंडू त्याच्याकडे दिला. चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच तीन जण तीन बाजूंनी त्याच्यावर सुटले. चेंडू पायात आला तेव्हा वळायलाही जागा उरली नव्हती. त्यांनी तो काढून घेतला आणि सरळ गोलकडे गेले. त्या वेळी वाचले. दुसऱ्यांदाही वाचले. तिसऱ्यांदा गोल झाला.

वाट मुद्दाम उघडी ठेवलेली होती. साहेबांना पास जाणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हाफटाइमला त्याने पोरांना जवळ घेतलं. "नीट ऐका. हा सापळा आहे. मी मोकळा दिसतोय तो त्यांनी ठेवलाय म्हणून. मला पास दिला की तिघं माझ्यावर येतात. म्हणजे त्यांच्या मागे तिघांची जागा रिकामी पडते. मला द्यायचंच नाही. तात्या, तुम्ही युवराजला द्या. युवराज, तू मान वर कर आणि शिवमच्या पुढे लांब मार. कळलं?"

"व्हय साहेब," सगळे म्हणाले.

खेळ सुरू झाला. तात्यांनी युवराजला दिला. युवराजने मान वर केली. शिवम पलीकडून सुटला होता, त्याच्यापुढे मैदान मोकळं होतं. युवराजने एकदा मंडपाकडे पाहिलं, एकदा अद्वयकडे, आणि चेंडू अद्वयच्या पायात दिला.

"मला नको," अद्वय म्हणाला, पण तोवर तिघं अंगावर आले होते.

दोनदा असं झालं. तो सांगत होता, पोरं मान डोलवत होती आणि चेंडू येतच होता. तेव्हा त्याला उमगलं की त्याचं हे सांगणंसुद्धा ते परीक्षा म्हणूनच घेतायत. साहेब नको म्हणतात. खरोखर कोण देत नाही, ते बघतात. तो मैदानात आहे तोवर त्यांना दुसरं काही करताच येणार नव्हतं. आणि त्यांना तसं बांधून ठेवणारी गोष्ट खोटी आहे, हे खेळणाऱ्यांत एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

त्याने रेफरीला हात केला आणि तो बाहेर आला. त्याच्या जागी स्टोअरमधला एक पोरगा गेला.

दिग्विजय साहेब मंडपातून उठून कडेला आले. "काय झालं? लागलं का?"

"नाही सर. मी असताना ते खेळू शकत नाहीत."

"पाहुणे विचारतायत," साहेब म्हणाले आणि परत गेले.

अद्वय स्वरदाशेजारी जाऊन बसला. तिने पाण्याची बाटली दिली.

मैदानात थोडा वेळ कुणालाच काही सुचेना. युवराजकडे चेंडू आला, त्याने सवयीने मध्ये पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मग त्याने मान वर केली आणि मारला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून तिरका गेला, शिवमच्या पुढे पडला, आणि शिवमला फक्त पाय लावायचा होता. बरोबरी झाली. त्यानंतर समोरचे गोंधळले. ते मागे सरले की आपली पोरं जवळच्या पासांनी पुढे सरकायची, ते अंगावर आले की युवराज लांब मारायचा. शिकवलेलं सगळं पोरांना येत होतं. शेवटी कॉर्नरवर मानसिंगतात्यांनी डोक्याने गोल केला आणि ते जिंकले.

पोरं आधी एकमेकांच्या अंगावर पडली आणि मग सगळी मिळून अद्वयकडे धावत आली. त्याला उचलून घेतलं. मंडपात टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. खाली उतरवल्यावर तात्यांनी त्याचा हात हातात धरून ठेवला.

"साहेब, पोरांनी करून दावलं. आता त्यांचं तेवढं बघा."

कंपनीची मिनीबस पोरांना सोडत लोणी देवकरला जाणार होती. अद्वयचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्याने स्वरदाला सांगितलं, "मी त्यांच्याबरोबर जातो." तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "जा."

भवानीनगर मागे पडेपर्यंत बसमध्ये गाणी चालली होती. उन्हं उतरली होती, दोन्ही बाजूंना ऊस. पोरांनी त्याला आग्रहाने पुढच्या सीटवर बसवलं होतं, कप त्याच्या मांडीवर होता. जंक्शन नावाच्या गावाच्या फाट्याला युवराज उतरणार होता. त्याच्या आधी बोलायला हवं होतं. अद्वय उठून उभा राहिला, दांडीला धरलं, आणि त्याने सांगून टाकलं. सात जणांची कंत्राटं महिनाअखेरीला संपतील, वाढणार नाहीत. नावंही घेतली. टीममध्ये असल्याने काही बदलणार नाही.

गाणं कुणीतरी बंद केलं. 

"तुमाला कवा कळलं?" युवराजने विचारलं.

"स्पर्धा सुरू व्हायच्या आधी."

"मंजी आमी तुमाला पास देत व्हतो तवा तुमाला ठावं व्हतं."

"हो."

 मानसिंगतात्या खिडकीकडे बघत म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलं. पर आदी सांगितलं असतं तर आमी खेळलोच नसतो."

 दिग्विजय साहेबांनी हेच कारण दिलं होतं, आणि सगळे दिवस अद्वय ते कारण आपलंच असल्यासारखं बाळगून होता.

जंक्शनला बस थांबली. युवराज सॅक घेऊन उतरला. शिवमही उतरला, त्याचं गाव पुढे असूनसुद्धा. बाकीच्यांपैकी कुणी अद्वयला एक शब्द वाकडा बोललं नाही. लोणी देवकरला सगळे उतरून गेल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, तुमी हितं कशाला आला? आता माघारी बारामतीला सोडू का?" रिकाम्या बसमधून तो परत आला.

सोमवारी दिग्विजय साहेबांनी त्याला उभ्याउभ्याच ऐकवलं. त्याची नोकरी गेली नाही, पण आता कुठलीही गोष्ट त्याला आधी कळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. त्याच दुपारी मानसिंगतात्या सगळा संघ घेऊन दिग्विजय साहेबांच्या केबिनवर गेले. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, कप तुमच्याकडं ठेवा, पर आमचा फोटू भिंतीला लावू नका. त्यावरून थोडी चर्चा झाली आणि दोघांची कंत्राटं सहा महिने वाढली. पाच जण गेले. त्यांचे कागद अद्वयनेच तयार केले, त्यांच्या सह्या त्यानेच घेतल्या. युवराज सही करून पेन टेबलावर ठेवून निघून गेला.

उन्हाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी अद्वय स्वरदाला घ्यायला क्लिनिकवर गेला, तर बाकावर युवराज घोट्याला पट्टी बांधून बसलेला. दोघांनाही क्षणभर तिथून निघून जावंसं वाटलं, पण एकाला घोट्यामुळे जाता येत नव्हतं आणि दुसऱ्याची बायको आत होती.

"कुठे असतोस?" अद्वयने विचारलं.

"हितंच. फायनलला समोर व्हती ती कंपनी. त्यांच्या कोचनं बोलावलं."

"कायम?"

"न्हाय. कंत्राटच. अकरा म्हयन्याचं."

"तिथले साहेब खेळतात का?"

"बघाय बी येत न्हाईत," युवराज म्हणाला, आणि दोघंही थोडंसं हसले. मग तो घोट्याकडे बघत म्हणाला, "त्या दिशी तुमी भाईर गेला, तवा मला वाटलं तुमी रागावला. आमी तुमचं ऐकलं न्हाय म्हणून. कप घेतानाबी मी त्येच धरून बसलो व्हतो."

"नाही. रागावलो नव्हतो."

"मग सांगूनशान जायाचं व्हतं. पर काय सांगनार म्हणा." थोडं थांबून त्याने विचारलं, "खेळता का आता?"

"नाही. कंपनीत टीम राहिली नाही."

"मैदानावर सकाळची पोरं असत्यात. कुनीबी जातंय. तितं तुमाला कुनी वळखत न्हाय."

आतून स्वरदाने युवराजचं नाव पुकारलं. तो भिंतीला धरून उठला आणि लंगडत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अद्वय बूट घेऊन मैदानावर गेला. पोरांनी "काका, तुम्ही मागे थांबा," म्हणून त्याला बचावात उभं केलं. तासभर तो पळाला. त्याला एकही पास आला नाही. त्याच्याहून चांगल्या जागी कुणीतरी दरवेळी होतंच, आणि पोरं चेंडू तिकडेच देत होती. दमून तो कडेला बसला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

सोमवारी आठला तो कंपनीच्या गेटवर पोचला. कंत्राटाची नवी पोरं भिंतीच्या सावलीत उभी होती. तो गाडीतून उतरताच ती सगळी सरळ उभी राहिली.